मॅरेथॉनच्या तयारीत मनाची काळजी कशी घ्यायची

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी सुरू केली की पहिला दीड महिना सगळ्यांचे प्रश्न पायांचे असतात. बूट कुठले घेऊ, गुडघा कुरकुरतोय, आठवड्याला किती किलोमीटर झाले पाहिजेत. आणि मग दिवाळी जवळ आली की प्रश्न हळूहळू बदलतात, "उठवतच नाहीये गं सकाळी", "लाँग रनच्या आदल्या रात्री पोटात गोळा येतो", "माझ्याच्याने नाही होणार बहुतेक, फी गेली तर गेली". आमच्या ग्रुपमध्ये दरवर्षी हेच ऐकते, म्हणून एकदा नीट बसून लिहितेय, पहिल्यांदा फुल मॅरेथॉन, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, करणाऱ्यांसाठी खास करून.

आधी माझं सांगते. मी ठाण्यात राहते, नोकरी अकाउंट्समध्ये, घरात दोन मुलं, नवरा आणि सासूबाई. आतापर्यंत तीन फुल मॅरेथॉन केल्यात, तिन्ही मुंबईच्याच. पहिल्या वेळी ३२-३३ किलोमीटरला वरळीच्या आसपास मी फुटपाथच्या कडेला बसले आणि रडायला लागले. क्रॅम्प नव्हता, कुठे दुखत नव्हतं, फक्त आतून एकदम रिकामं झालं होतं. एका व्हॉलंटिअर मुलीने संत्र्याच्या फोडी हातात दिल्या, पाठीवर हात ठेवला, मग उठले आणि बाकीचं जवळपास चालतच संपवलं. नंतर कितीतरी दिवस विचार करत होते की असं झालंच कसं, प्लॅनमधले रन तर सगळे केले होते. उत्तर हळूहळू कळलं. रन सगळे केले होते पण सगळेच मनाला पिळून केले होते. रात्री बाराला झोपायचं, सव्वाचारला उठायचं, प्रत्येक रन स्वतःशी भांडून, प्रत्येक रन कालच्यापेक्षा फास्ट, एक चुकला की दोन दिवस टोचणी. पायांना आपण एक दिवस जोर देतो, एक दिवस आराम देतो, मनाला मात्र मी चार महिने एकही सुट्टी दिली नव्हती, आणि रेसच्या दिवशी जेव्हा खरंच लागणार होतं तेव्हा तिथे काही शिल्लकच नव्हतं.

तेव्हापासून मी मनाला पायांसारखंच वागवते. रोज उधळायचं नाही, ठरवून ठराविक दिवशी जोर द्यायचा आणि नंतर विश्रांती द्यायची. खाली जे आहे ते सगळं यातूनच आलंय.

सकाळचं भांडण बंद करा

सगळ्यात जास्त मन कुठे खर्च होतं माहितीये? सकाळी अंथरुणात, "जाऊ की नको" या पाच मिनिटांत. ही पाच मिनिटं आठवड्यातून चार वेळा धरली तर अठरा आठवड्यांत सत्तरच्या वर भांडणं होतात स्वतःशी. तर हा प्रश्न सकाळी विचारायचाच नाही, आदल्या रात्री सगळं ठरवून टाकायचं. कपडे, मोजे, बूट, घड्याळ, घराची किल्ली सगळं एका खुर्चीवर, पाण्याची बाटली भरून, रस्तासुद्धा ठरलेला, आणि अलार्म बेडरूममध्ये नाही, हॉलमध्ये. मुलं उठू नयेत म्हणून धावत जाऊन बंद करावा लागतो, आणि एकदा उभे राहिलात की निम्मं काम झालं.

याच्यापेक्षा भारी उपाय म्हणजे नाक्यावर कोणीतरी वाट बघत असणं. मी आणि माझी एक मैत्रीण आठवड्यातून दोनदा एकत्र धावतो, तिचा आणि माझा पेस, म्हणजे धावायचा वेग, सारखा नाही तरी चालतं, पहिले तीन किलोमीटर एकत्र आणि मग आपापलं. ती उभी आहे म्हटल्यावर रजई आपोआप बाजूला होते.

आणि तरीही एखाद्या दिवशी अजिबात वाटत नसेल तर दहा मिनिटांचा नियम. बूट घालून बाहेर पडायचं, दहा मिनिटं अगदी हळू धावायचं, त्यानंतरही नको वाटलं तर परत यायचं आणि अजिबात वाईट वाटून घ्यायचं नाही. आळस असेल तर दहा मिनिटांत निघून जातो, शरीरच थकलेलं असेल तर जात नाही. माझा अनुभव असा की दहातल्या आठ वेळा रन पूर्ण होतो, आणि ज्या दोन वेळा परत येते त्या दोन वेळा खरंच गरज असते.

बायकांसाठी एक वेगळं सांगते. पहाटे साडेचारला अंधारात एकटीने बाहेर पडायची भीती वाटणं, गल्लीतल्या कुत्र्यांची भीती वाटणं, याला मनाचा कमकुवतपणा म्हणू नका. ही भीती सहन करत धावत राहिलात तर प्रत्येक रनला दुप्पट ताण पडतो. ग्रुप शोधा, वर्दळीचा उजेडाचा रस्ता घ्या, उपवन तलावाभोवती गोल फेऱ्या माराव्या लागल्या तरी चालतील, कंटाळा परवडला पण धास्ती नको. पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत जड वाटत असेल तर अवघड वर्कआऊट सरळ पुढे ढकला, त्याने काहीही बिघडत नाही.

ऑफिसचा थकवापण मोजा

ही गोष्ट मला फार उशिरा कळली. २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता, त्यात लोकांना ९० मिनिटं डोक्याला ताण देणारं काम कॉम्प्युटरवर दिलं आणि मग सायकलवर दमेपर्यंत पॅडल मारायला लावलं. दुसऱ्या दिवशी तेच, पण आधी ९० मिनिटं साधी डॉक्युमेंटरी दाखवून. डोकं थकलेलं असताना ते लवकर थांबले, आणि गंमत म्हणजे हृदय, फुप्फुसं, स्नायू यांच्यात तसा काही फरक दिसला नाही, फक्त तेवढंच पॅडल मारणं त्यांना जास्त अवघड वाटत होतं.

म्हणजे महिनाअखेरीला क्लोजिंग करून रात्री नऊच्या लोकलला लटकत आलेली मी दुसऱ्या दिवशी इंटरव्हलमध्ये, म्हणजे थोडं जोरात थोडं हळू असं आलटून पालटून धावताना, का मरत होते ते कळलं. तेव्हा मी म्हणायचे, माझ्यात जिद्दच नाही. आता मी कॅलेंडरवर आधी ऑफिसचे जड दिवस मार्क करते, महिनाअखेर, जीएसटी रिटर्नची तारीख, ऑडिट, आणि त्या दिवसांना फक्त सोपे रन ठेवते. स्पीडवालं काम ज्या दिवशी डोकं हलकं असतं त्या दिवशी. तुम्ही शिक्षक असाल तर पेपर तपासायचे दिवस, दुकान असेल तर सणाची गर्दी, ज्याचं त्याचं वेगळं असेल पण मार्क करा.

आणि झोप. झोपेवर मी काही नवीन सांगणार नाही, फक्त एवढंच की सव्वाचारला उठायचं असेल तर दहाला फोन बाजूला ठेवावाच लागतो, दुसरा मार्ग मला सापडलेला नाही.

प्लॅन पेन्सिलने लिहा

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, तिथून अठरा आठवडे मागे मोजले की सप्टेंबरचा मध्य येतो. आता आपल्या घरात सप्टेंबर ते जानेवारी काय काय असतं बघा. गणपती, पितृपक्ष, नवरात्र, दसरा, दिवाळी, तुळशीचं लग्न आणि मग लग्नसराई. नेटवरून उतरवलेल्या प्लॅनला यातलं काहीच माहीत नसतं. मग नवरात्रात नऊ दिवस उपवास आणि प्लॅनमध्ये २४ किलोमीटर, नरक चतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान आणि प्लॅनमध्ये टेम्पो रन (सलग जरा जोरात धावायचा रन), आणि आपण दोन्हीकडे अपराधी. म्हणून पहिल्याच दिवशी घरचं कॅलेंडर शेजारी घेऊन बसा आणि हे आठवडे हलके करून टाका, सणाच्या आठवड्यात तीन छोटे रन झाले तरी भरपूर. उपवास करणार असाल तर त्या दिवसांत लाँग रन नकोच.

चुकलेला रन भरून काढायचा नाही, हा माझा एकदम पक्का नियम आहे. मंगळवारचा चुकला तर तो गेला, बुधवारी बुधवारचाच करायचा. चार महिन्यांत तीन-चार रन चुकले तर रेसवर काहीही फरक पडत नाही, पण ते भरून काढायच्या नादात दोन दिवसांचं एका दिवसात केलं तर दुखापत होते आणि वर सतत मागे पडल्याची भावना राहते. ताप आला तर धावायचं नाही, अजिबात नाही, ताप जाऊन दोन-तीन दिवस नीट जेवण जायला लागलं की चालण्यापासून सुरुवात. डेंग्यू-मलेरिया झाला असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हाच. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांना नोव्हेंबरमध्ये डेंग्यू झाला, त्यांनी त्या वर्षी रेस सोडली, पुढच्या वर्षी हसत हसत पूर्ण केली, आणि सोडायचा तो निर्णय मला त्यांच्या मेडलपेक्षा मोठा वाटतो.

ऑक्टोबरमध्ये घड्याळावर विश्वास ठेवू नका

पाऊस गेला की ऑक्टोबर हीट येते आणि तिथे बरेच जण मनाने खचतात. सप्टेंबरच्या ढगाळ सकाळी ज्या पेसने आरामात बोलत धावत होतात त्याच पेसला आता धाप लागते, म्हणजे फिटनेस गेला असं वाटतं. गेलेला नसतो. गरम दमट हवेत घाम नीट सुकत नाही, अंग थंड ठेवायला शरीर बरंचसं रक्त कातडीकडे पाठवतं, मग पायांना पुरवायला हृदयाला जास्त ठोके मारावे लागतात. म्हणजे इंजिन तेवढंच आहे, एसी पण त्याच्यावरच चालू आहे. या महिन्यात पेसचा आकडा बघूच नका, बोलता येतंय का ते बघा. सलग एक-दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत, बस. मी ऑक्टोबरभर घड्याळावर फक्त वेळ दिसेल असं सेटिंग करते, पेसची स्क्रीनच काढून टाकते. डिसेंबरमध्ये पहिली गार सकाळ येते आणि त्याच मेहनतीत पेस आपोआप सुधारलेला दिसतो, त्या सकाळची मजा घ्यायला ऑक्टोबर शांतपणे काढावा लागतो.

स्ट्राव्हाचंही तेच, म्हणजे ते रन नोंदवून एकमेकांना दाखवायचं अॅप. दुसऱ्याचा रन बघून लाइक द्या, पण स्वतःची मापं तिथे काढू नका. तो माणूस कदाचित पुण्यात तळजाईला गार हवेत धावला असेल, कदाचित दहा वर्षं धावतोय, कदाचित तो त्याचा स्पीडचा दिवस होता आणि तुमचा सोपा. मला ज्या आठवड्यात असं बघून जळजळ होते त्या आठवड्यात मी अॅप फोनवरून काढून टाकते, घड्याळात रेकॉर्ड होतच असतं.

लाँग रन, इथे मात्र मनाला जोर द्यायचा

वर सगळं वाचवायचं सांगितलं, आता खर्च करायचं कुठे ते सांगते. आठवड्यातला एकच दिवस, रविवारचा लाँग रन, आणि तोपण प्रत्येक रविवारी नाही. दोन-तीन आठवड्यांतून एकदा मी लाँग रन मुद्दाम मनाला अवघड जाईल असा करते, बाकीचे रविवार गाणी ऐकत, गप्पा मारत, नंतर मिसळ खायचं ठरवून, मजेत.

अवघड म्हणजे कसा? ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगराचा चढ शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये येईल असा रस्ता. किंवा सरळ लांब जाऊन येण्याऐवजी चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या, आणि फेरी आपल्या घराच्या कोपऱ्यावरून जाणारी. २० किलोमीटर झालेत, समोर आपली बिल्डिंग दिसतेय, वर चहा आहे, अंघोळ आहे, आणि आपण न वळता पुढे जायचं. हे दोन वेळा केलंत ना, की रेसमध्ये "सोडून देऊ" हा विचार आला तरी तो ओळखीचा वाटतो, घाबरवत नाही. तिकडे मुंबईत राहणाऱ्यांना मरीन ड्राइव्ह आहे, नरिमन पॉइंट ते चौपाटी साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे, आठ वेळा इकडून तिकडे करा, समुद्र सुंदरच आहे पण सहाव्या फेरीला तोही पुरत नाही आणि खरं ट्रेनिंग तिथेच सुरू होतं.

३० किलोमीटर हा आकडा डोक्यात घेऊन निघायचं नाही. मी तुकडे करते, पहिले १० नुसते शरीर गरम व्हायला, पुढचे १० खाण्यापिण्याकडे लक्ष ठेवायला, आणि शेवटच्या १० च्या आत पुन्हा दोन-दोनचे तुकडे. त्या दोन किलोमीटरमध्येसुद्धा अवघड गेलं तर पुढचा विजेचा खांब. पॉला रॅडक्लिफ, जिने २००३ ला लंडनमध्ये २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत मॅरेथॉन धावली, ती अवघड वेळी मनात शंभरपर्यंत आकडे मोजायची, तीन वेळा शंभर झाले की तिचा साधारण एक मैल होत असे. आपल्याकडे तर याहून जुनी गोष्ट आहे. पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाटात वारी चढते ती ज्ञानोबा-तुकारामच्या तालावर, सत्तर वर्षांच्या आज्या चढतात, पाऊल, श्वास आणि शब्द एकत्र बांधलेले असतात त्यामुळे घाट केवढा उरला याचा विचार करायला जागाच राहत नाही. मी चढावर तेच करते, दोन पावलांना ज्ञानोबा, दोन पावलांना तुकाराम. तुम्हाला नामस्मरण जमत नसेल तर पाढे म्हणा, मुलांची नावं घ्या, पण पावलाला बांधलेलं काहीतरी असू द्या.

दुसरं, स्वतःशी काय बोलता ते ऐका. एका लाँग रनमध्ये फक्त एवढंच काम करा, मनात कुठली वाक्यं येतात ती घरी येऊन वहीत लिहा. माझ्या वहीत पहिल्यांदा आलं होतं, "सगळे पुढे गेले", "कशाला करतेय मी हे", "घरी मुलं उठली असतील". मग प्रत्येक वाक्याला एक उत्तर तयार केलं आणि ते सोप्या रनमध्ये पाठ केलं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २४ लोकांना घेतलं होतं, त्यातल्या अर्ध्यांना दोन आठवडे असं स्वतःशी बोलायला शिकवलं, तर दमेपर्यंत सायकल चालवायचा त्यांचा वेळ साधारण १८ टक्क्यांनी वाढला आणि त्याच वेगाला मेहनतही कमी वाटली. पण वाक्यं तुमची पाहिजेत. इंग्लिश पोस्टरवरची वाक्यं ३२ व्या किलोमीटरला आठवत नाहीत, मला तरी नाही आठवली. माझी दोन आहेत, मधल्या टप्प्यासाठी "खांदे सोड, घाई नाही" आणि शेवटासाठी "होतंय ना, मग चालू दे". स्वतःला तू म्हणायचं, जसं जवळच्या मैत्रिणीला म्हणाल तसं. मैत्रिणीला तुम्ही ३० किलोमीटर धावल्यावर "तुझ्याने काही होत नाही" असं म्हणाल का, नाही ना.

मूड गेला की आधी खा

हे मी वेगळं काढलं कारण माझं वरळीचं रडणं निम्मं इथून आलं होतं. शरीरात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, बहुतेकांना ३०-३२ किलोमीटरच्या आसपास संपत येते, आणि मेंदूचं मुख्य इंधनपण साखरच आहे. त्यामुळे ती कमी पडली की आधी पाय जड होतात आणि पाठोपाठ विचार काळे होतात. धावणारे याला वॉल म्हणतात. त्या वेळी येणाऱ्या विचारांवर विश्वास ठेवायचा नाही, ते उपाशी मेंदूचे विचार आहेत. मी त्या दिवशी चार तासांत फक्त दोन जेल (धावताना खायच्या गोड चिकट पाकाच्या पुड्या) घेतले होते.

लाँग रनमध्ये तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात गेलं पाहिजे, एका जेलमध्ये साधारण २० ते २५ ग्रॅम असतात, म्हणजे दर ३५-४० मिनिटांनी एक, भूक लागायची वाट न बघता. जेल नको असेल तर खजूर, राजगिऱ्याची मऊ वडी, गुळाचा खडा, साखर-मीठ-लिंबू घातलेलं पाणी, जे पोटाला चालेल ते, पण रेसमध्ये जे घेणार तेच रविवारी घ्या. गोड नुसतं तोंडात आलं तरी पोटात पोचायच्या आधीच मेंदूला जरा उभारी येते हेही प्रयोगांमध्ये दिसलंय, चूळ भरून थुंकून दिलं तरीसुद्धा. म्हणून माझा नियम, वाईट विचार आला की आधी जेल, दहा मिनिटं थांबायचं, मग विचाराचं काय करायचं ते बघू.

कधी थांबायचं

मन खंबीर ठेवणं म्हणजे सगळं सहन करणं नव्हे. दोन्ही मांड्या जड आहेत, पोटऱ्या भरून आल्यात, ही मेहनत आहे, चालू द्या. पण एकाच जागी, बोटाने दाखवता येईल असं दुखतंय, धावताना वाढत जातंय, पाय लंगडतोय, तर त्या क्षणी थांबा, रिक्षा करून घरी या. छातीत दुखणं, चक्कर, गार घाम, यात तर धावणं सोडून थेट डॉक्टर. नडगीच्या हाडातल्या दुखण्यावर एक मैत्रीण तीन आठवडे जिद्दीने धावली, स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे हाडाला बारीक तडा, निघालं, आणि पुढचे तीन महिने गेले. रनच्या दिवशी खिशात शंभर-दोनशे रुपये ठेवा, परत यायची सोय असली की थांबायचा निर्णय योग्य वेळी घेता येतो.

मनाचंही असंच असतं. दोन आठवडे सलग झोप लागत नाहीये, सकाळचे हृदयाचे ठोके नेहमीपेक्षा वाढलेत, मुलांवर विनाकारण ओरडताय, ज्या रस्त्यावर मजा यायची तिथे जायचीच शिसारी येतेय, तर हा आळस नाही, जास्त झालंय. एक आठवडा निम्मं करा. आणि धावण्याच्या पलीकडेही उदास वाटत असेल, कशातच रस राहिला नसेल, तर हे धावून जाईल या भरवशावर राहू नका, डॉक्टरांना भेटा, किंवा सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६ नंबरवर फोन करा, मराठीत बोलता येतं. धावण्याने मन हलकं होतं हे खरं आहे, पण प्रत्येक दुखण्याचं औषध ते नाही.

खराब रन झाला तर त्या दिवशी कुठलाही निर्णय घ्यायचा नाही. घरी या, खा, झोपा, दुसऱ्या दिवशी वहीत तीनच ओळी लिहा, झोप किती झाली होती, आदल्या रात्री काय खाल्लं होतं, हवा कशी होती. बहुतेक वेळा कारण त्या तीन ओळींतच सापडतं.

घरच्यांशी आधी बोला

चार महिने रविवारी सकाळी तुम्ही घरात नसणार आणि दुपारी झोपणार, हे घरच्यांना गृहीत धरायला लावलंत तर त्यांच्या कपाळावरची आठी तुम्ही प्रत्येक लाँग रनला बरोबर घेऊन धावाल. आम्ही सप्टेंबरमध्ये बसून ठरवतो, रविवारी साडेनऊपर्यंत नवरा बघेल, संध्याकाळ माझी मुलांसोबत, आणि महिन्यातला एक रविवार अजिबात रन नाही. सासूबाई पहिल्या वर्षी म्हणायच्या "अगं पाय झिजतील, बास कर", मी वाद घालायचं सोडलं आणि त्यांना एकदा उपवनला सकाळी बरोबर नेलं, तिथे त्यांच्या वयाच्या बायका भराभर चालताना बघितल्या, आता त्याच मला विचारतात या रविवारी किती.

शेवटचे तीन आठवडे

किलोमीटर कमी होतात आणि डोकं फिरायला लागतं. याला टेपर म्हणतात, शेवटचा मोठा रन रेसच्या साधारण तीन आठवडे आधी होतो आणि मग उतरती कमान. या काळात गुडघ्यात नसलेलं दुखणं जाणवतं, घसा खवखवतोय असं वाटतं, सगळा फिटनेस गेला म्हणून एकदा ३० करून बघावंसं वाटतं. करू नका. जे व्हायचं ते झालंय, आता शरीर ते मुरवतंय, लोणच्याला रोज झाकण उघडून बघत नाही आपण. मी त्या दिवसांत वही काढून सप्टेंबरपासूनचे सगळे रन वाचते, पावसात भिजून केलेला, येऊरचा, घराच्या कोपऱ्यावरून न वळलेला, भीतीला उत्तर म्हणून ती वही पुरते.

रेसच्या आदल्या रात्री झोप लागत नाही, कोणालाच नाही. त्याच्या आदल्या रात्री, म्हणजे शुक्रवारी, नीट झोपा, तीच कामाला येते. बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, घ्यायला एक्स्पोला (रेसआधीच्या प्रदर्शनाला) जाल तर तासाभरात बाहेर पडा, तिथे फिरून पाय आणि डोकं दोन्ही दमतात, आणि नवीन बूट तर अजिबात घेऊ नका.

रेसच्या दिवशी

तीन टार्गेट ठेवा. सगळं जुळून आलं तर हा टाइम, दिवस साधारण गेला तर हा, आणि काहीच जमलं नाही तर धडधाकट घरी यायचं. एकच टार्गेट असेल आणि २५ ला कळलं की ते हातचं गेलं, तर उरलेले १७ किलोमीटर धावायला कारणच उरत नाही.

सीएसएमटीहून पहाटेच्या अंधारात निघताना अंगावर काटा येतो, ढोल, लोक, दिवे, आणि पाय आपोआप पळायला लागतात. इथे स्वतःला धरा. पहिले १० किलोमीटर ठरवलेल्या पेसपेक्षा थोडे हळूच, शेकडो लोक पुढे जातील, जाऊ द्या. मग सी लिंक, ५.६ किलोमीटर, एरवी तिथे पायी जायची परवानगी नाही, पूर्वेकडे उजाडायला लागलेलं असतं, खाली समुद्र, तिथे थोडा वेळ घड्याळ विसरून नुसतं बघा. रूट वर्षागणिक थोडा बदलतो, म्हणून या वर्षीचा मॅप आधी नीट बघून ठेवा आणि कुठे काय अवघड जाणार ते ठरवून ठेवा.

मी धावले तेव्हा परतीचा पेडर रोडचा चढ ३५ च्या आसपास आला होता. डोक्यावर ऊन आलेलं, सगळे चालत असतात, आणि तो चढ एरवी गाडीतून कळतही नाही एवढासा. माझी तिथली तयारी अशी, चढाच्या दहा मिनिटं आधी जेल, पायथ्याशी डोक्यावर पाणी, नजर वर न ठेवता समोरच्या माणसाच्या कमरेवर, पावलं छोटी, दोन पावलांना ज्ञानोबा दोन पावलांना तुकाराम. चालावं लागलं तर ठरवून चाला, या खांबापासून त्या खांबापर्यंत, मग पुन्हा धावा, ठरवून चाललेलं मनाला लागत नाही. आणि हसा. एलिउड किपचोगे शेवटच्या टप्प्यात मुद्दाम हसतो, २०१९ ला व्हिएन्नात १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत धावला तेव्हाही हसत होता. पेडर रोडला बाल्कन्यांतून आणि रस्त्याच्या कडेने लोक ओरडत असतात, लहान मुलं बिस्किटं, संत्री, चिक्की घेऊन हात पुढे करून उभी असतात, त्यांच्या डोळ्यांत बघून हसलात की पुढचे दोनशे मीटर कसे गेले कळत नाही. पाणी मात्र तहान असेल तेवढंच प्या, रस्त्यातल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलाशी नुसतं साधं पाणी ढोसणं हेही धोक्याचं आहे.

मेडल घेऊन घरी आल्यावर दोन-तीन दिवसांनी एक विचित्र रिकामपण येतं, चार महिने रोज ज्याच्यासाठी उठलात ते अचानक संपलेलं असतं. मला पहिल्या वर्षी वाटलं काहीतरी बिघडलंय माझं, पण हे खूप जणांना होतं आणि आठवडा-दोन आठवड्यांत ओसरतं. म्हणून जानेवारीचा शेवटचा आठवडा मी आधीच भरून ठेवते, धावणं सोडून. मुलांना घेऊन अलिबागची बोट, माहेरी दोन दिवस, राहिलेलं वाचन. पुढच्या रेसचं रजिस्ट्रेशन त्या दोन आठवड्यांत करत नाही, आणि अलार्म पुन्हा बेडरूममध्ये आणते, साडेसहाचा लावून.